तिला एकदा नको म्हण

दिंडोशी, गोरेगाव पूर्व
११ जानेवारी १९८७

कुंदा,

आशीर्वाद. इकडचं बरं, तिकडचं बरं असो, ते सगळं लिहिलंय असं समज. चौथी शिकलेली बाई मी, हात लवकर भरून येतो, म्हणून आधी कामाचं लिहिते.

अनूला नको म्हण. दोन ओळी लिही, आईच्या नावाने, तुझ्या अक्षरात. 'अनुपमा, तू आता शर्यतीत उतरायचं नाही.' बस. बाकी काही लिहू नको, मला शिव्या घालायच्या असतील तर वेगळ्या कागदावर घाल.

दोन वर्षं झाली, तू मला पत्र टाकलं नाहीस. तिचा पँट घातलेला फोटो पेपरात आला नि कुठल्या शहाण्याने तो वाडीत आणून तुला दाखवला, तेव्हापासून. 'टायपिंग शिकायला पाठवलेली पोर तू फटफटीवर बसवलीस' हे तुझं शेवटचं वाक्य. बसवली ह्यांनी. गिरणी बंद पडली, हे गॅरेजमध्ये कामाला लागले, पोर डबा पोचवायला जायची ती तिथेच रमायची. पण घर माझं, म्हणून दोष माझा, घेतला अंगावर. तो वाद आज नको.

एक मार्चला रविवारी शर्यत आहे. कल्याणच्या पुढे लढाईच्या वेळची विमानांची जुनी पट्टी आहे, तिथे होते. ड्रॅग म्हणतात तिला. गोल गोल फिरायचं नसतं. दोन गाड्या बाजूबाजूला उभ्या करायच्या, झेंडा खाली आला की सरळ पाव मैल सुटायचं, पुढे असेल तो जिंकला. तू चूळ भरून टाकशील तेवढ्यात संपते. बायकांची वेगळी नसते, पुरुषांतच उभं राहायला लागतं. तिथे बाई म्हणून उभी राहिलेली पहिली आपली अनू. आणि नुसती उभी नाही राहिली, मोठमोठ्या मिशीवाल्यांना धूळ खायला लावून आली.

नोव्हेंबरात ती पडली. तुला कळवलं नाही, कारण तू वाचणार नव्हतीस. डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण त्या हाताची तीन बोटं मुकी राहिली. परवा त्या हातात चहाचा कप धरून बोलत होती, कप कलला, चहा मांडीवर सांडून भाजलं तेव्हा तिला कळलं. डॉक्टर म्हणाले नस दबली आहे, सहा महिने ह्या हाताने काही आवळून धरू नका, परत झटका बसला तर हात गेला.

आता ऐक. डाव्या हातात क्लच असतो. झेंडा पडेपर्यंत तो दाबून धरायचा नि बरोब्बर त्या क्षणाला सोडायचा. बोटांना कळलंच नाही नि जरा आधी सुटला, तर गाडी घोड्यासारखी पुढून उठते आणि माणसाला पाठीमागे टाकते. हे मला ह्यांनी नाही सांगितलं, अनूने सांगितलं. ती घाबरली आहे. आजपर्यंत मी तिला घाबरलेली बघितली नव्हती.

मी म्हटलं, मग नाही म्हणून सांग नि मोकळी हो. तर खिडकीतून खाली जमलेल्यांकडे बोट दाखवून म्हणते, ह्या सगळ्यांना काय सांगू?

रविवार होता. खाली गर्दी असते रविवारची. तुला वाटेल मवाली पोरं. असतात, बोरीवलीच्या कॉलेजची थोडी असतात, गाड्या घुरघुरवत. पण जास्त मुली. अंधेरीच्या कारखान्यात रेडिओचे भाग जोडणाऱ्या, टायपिंगच्या क्लासातल्या. मुलुंडहून एक नर्स येते, तिने भाचीचं नाव अनुपमा ठेवायला लावलं. अर्ध्या मुलींनी हिच्यासारखे कानापर्यंत केस कापलेत, घरी मार खाल्लाय. मागे एका नवरीने हॉलवरून निघालेली वरातीची गाडी इथे वळवली, मुंडावळ्यांसकट वर चढून आली हिला नमस्कार करायला. नवरा खाली तोंड पाडून उभा. घाटकोपरची एक नीलाबाई आहे, बँकेत कारकून, नवऱ्याने टाकलेली. ती येते, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसते, चहा पिते आणि जाते. ह्या वयात लूना चालवायला शिकली. मला म्हणाली, आता माहेरी जायला भावाची वाट बघत नाही.

म्हणजे वाईट कोणी नाही गं. तीच पंचाईत आहे. वाईट असते तर पाणी ओतलं असतं वरून.

आणि मी पण एकदा गेले होते बघायला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू. उन्हात उभी होते, पाय दुखत होते, मनात म्हणत होते कुठे येऊन पडले. आणि झेंडा पडला. कुंदा, ती माझ्यासमोरून गेली तेव्हा माझ्या तोंडातून असा आवाज निघाला की शेजारच्या बाईने माझा हात धरला. मग ती पण ओरडत होती. आपण दोघी आयुष्यात कधी कुठे अशा सुटलो?

असो. अनू काय म्हणाली ते नीट वाच. "आईने नको म्हटलं तर मी थांबेन, मावशी. हात दुखतो म्हणाले तर ते पुरुष म्हणतील, शेवटी बाईच. घाबरले म्हणाले तर ह्या मुली घाबरतील. पण आईने नको म्हटलं हे ह्यांच्यातल्या प्रत्येकीला कळेल. प्रत्येकीला घरी आई आहे."

मी म्हटलं, मी म्हणते ना नको. तर हसली. मावशीचं नको कोण धरतं? बाप नाही तिला, शब्द तुझाच.

लगेच लिही.

तुझी अक्का
सुगंधा


दिंडोशी
४ फेब्रुवारी १९८७

कुंदा,

पत्र पोचलं नाही असं सांगू नको. पोस्टमनला मी रोज जिन्यात गाठते, तो आता मला बघून मागच्या बाजूने येतो.

इकडे काय चाललंय ते सांगते, मग ठरव तुला गप्प बसायचं का.

संक्रांतीचं हळदीकुंकू केलं मी, दरवर्षी करते तसं, दहा-बारा बायकांचं. जयंती आली पन्नास जणींना घेऊन. जयंती म्हणजे ह्या सगळ्यांची पुढारीण, बोरीवलीची, सरकारी कचेरीत टायपिस्ट, वाऱ्यासारखी बोलते. आल्या आल्या म्हणाली, मावशी, आज आम्ही ताईची ओटी भरणार. मी म्हटलं, अगं, ती कुवार पोर, कुवारणीची ओटी भरतात का कुठे? तर एक कारखान्यातली म्हणते, देवीची भरताना विचारता का तिचं लग्न झालंय का.

झालं. बसवली पाटावर. खण, तांदूळ, हळकुंड, नारळ. एकीमागून एक. अनू लाजून लाल, मला डोळ्यांनी म्हणते, आवर. काय आवरू? त्यातल्या एकीने घाईत नारळ तिच्या नुसत्या डाव्या हातात दिला. आणि तो पडला. गडगडत गेला उंबऱ्यापर्यंत. म्हटलं, आता कळलं सगळ्यांना. तर काय, त्या सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. देवीने प्रसाद दिला म्हणे. तिथल्या तिथे फोडला, तुकडे वाटले, मला पण दिला. मी खाल्ला.

ह्याच्यापुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते.

वसाहतीत माघी गणपती बसतो आमच्या. गाऱ्हाणं घालायला दादू असतात, आपल्याकडचेच, कणकवलीचे, सत्तरीचे. त्यांनी बोलायचं नि सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं, तुला काय सांगायला नको. मी आधी जाऊन त्यांना सांगून ठेवलं होतं की दादू, अनूसाठी दोन शब्द घाला, पोरीला जरा विसावा मिळू दे, तिची प्रकृती सांभाळ असं काहीतरी. हाताचं बोलले नाही, तिने शपथ घातलीय. बरं म्हणाले.

आरतीला बघते तर मंडपात पाय ठेवायला जागा नाही. जयंतीचं सगळं सैन्य. दादूंच्या समोर एवढी माणसं आयुष्यात कधी आली नव्हती. त्यांचा आवाजच बदलला. माझे दोन शब्द गेले कुठल्या कुठे. म्हणाले, "बा देवा गणराया म्हाराजा, ही आमची अनू, बाप नसलेली पोर, बापयामाणसांत उभी रवता. तिच्या वाटेत काय वायट-वंगाळ आसात ता दूर कर, येत्या शर्यतीत तिका पयली आण, नि ह्या सगळ्या लेकरांची इच्छा पुरी कर रे म्हाराजा."

आणि सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा.

मी पण म्हटलं. लहानपणापासून ती सवय. दादू म्हाराजा म्हणून थांबले की तोंड आपोआप उघडतं. म्हटल्यावर कळलं काय म्हटलं ते. अनू माझ्या बाजूला हात जोडून उभी होती, उजव्या हाताने डावा धरून. तिने माझ्याकडे मान वळवून बघितलं फक्त.

आता देवासमोर बोललेला शब्द आहे. ती म्हणते, मावशी, तू पण? काय सांगू तिला, जीभ घसरली म्हणून?

पोस्टकार्ड टाक. उघडं असेल तर उत्तमच, सगळ्यांसमोर वाचून दाखवता येईल. वाटल्यास लिही की अक्का मूर्ख आहे, तिचं ऐकू नको, माझं ऐक.

सुगंधा


दिंडोशी
१५ फेब्रुवारी १९८७

कुंदा,

अजून नाही. तुझा हात मोडलाय का माझ्या पोरीचा, तेच मला कळेना झालंय. माझी पोर लिहिलं, असू दे.

मी दादूंकडे गेले होते. म्हटलं, गाऱ्हाणं परत घाला, शब्द मागे घ्या, सांगा देवाला की आमची चूक झाली, ह्या वेळी पोर उतरत नाही. ते अंगणात विड्या वळल्यासारखी दाढी वळत बसले होते. म्हणाले, "सुगंधा, मी घालीन. पण माझ्या एकट्याच्या बोलण्याने शब्द जोडला नाही, सगळ्यांच्या व्हयने जोडला. सोडायचा तर सगळे जमव, सगळ्यांनी व्हय म्हणायला हवं."

मी म्हटलं, ते कसे म्हणतील? ते म्हणाले, मग कसा सुटेल?

चिडून आले मी. पण वाटेत विचार केला, म्हातारा खोटं नाही बोलला. त्या पोरींना खरं सांगितलं तर त्याच म्हणतील नको. प्रेम आहे ना त्यांचं. प्रेम असलेल्या माणसाला हात मोडलाय म्हणून सांगितलं तर तो काय म्हणेल? बस, आराम कर. माझं तरी हेच गणित.

शपथ मोडली मी. जयंतीला बाजूला घेतलं, गिरणीच्या वेळी चाळीत पाण्याच्या टाकीवर भांडायचे त्या आवाजात नाही, चांगल्या आवाजात, हात धरून सगळं सांगितलं. तीन बोटं, चहा, डॉक्टर, क्लच. ओटीचा नारळ का पडला ते. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या मनात आलं, सुटलो बाबा. म्हणाली, मावशी, आम्हाला काहीच माहीत नव्हतं. म्हटलं, आता कळलं ना, मग समजव सगळ्यांना. हो म्हणाली, डोळे पुसत गेली.

समजावलंन तिने. रविवारी खाली दुप्पट माणसं. नाक्यावरच्या फळ्यावर, जिथे मंडळाच्या सूचना लिहितात, तिथे रंगीत खडूने लिहिलेलं होतं, 'मोडलेल्या हाताने लढणारी आमची अनुपमाताई'. पंचवीस-तीस मुली डाव्या मनगटाला पांढरं फडकं बांधून आल्या होत्या. पोरांनी सुद्धा बांधलं. मुलुंडची नर्स, जिला नस म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळतं, तिने पण बांधलं आणि अनूचा हात आपल्या कपाळाला लावून रडली.

मी जयंतीला जिन्यात अडवलं. म्हटलं, तुला मी काय सांगितलं नि तू काय केलंस? तर माझ्याकडे अशी बघते जसं मीच वेडी. म्हणाली, "मावशी, आधी आम्हाला वाटायचं ताईला भीतीच नाही, म्हणून ती जाते. आमच्यासारखी नाही ती. आता कळलं की दुखतंय, भीती आहे, तरी ती जाते. मग आम्हाला पण जाता येईल ना कुठेतरी." कारखान्यातल्या त्या मुलीने, ओटीच्या वेळी बोलली ती, म्हणे त्याच आठवड्यात सुपरवायझरच्या कानाखाली मारली.

मी जिना चढून वर आले नि दार लावून घेतलं.

आमचे हे तर वेगळेच. ह्यांना सांगितलं हाताचं, म्हटलं तुम्ही तरी पुरुषासारखे ओरडा. दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी गॅरेजमधून येताना क्लचची मूठ घेऊन आले, घासून बारीक केलेली. म्हणाले, स्प्रिंग नरम केलीय, आता दोन बोटांत दबते. असा आनंद तोंडावर. वाईट नाही गं ह्यांचं मन. ह्यांना दुसरी कुठली मदत करताच येत नाही.

अनू माझ्याशी बोलत नाही. शपथ मोडली म्हणून. फक्त काल विचारलं, आईचं काही आलं का?

कुंदा, रागाने लिही. तू कायम म्हणायचीस ना, बाईची जात, शोभा झाली, तोंड काळं केलं. तेच लिही. जे दोन वर्षांपूर्वी लिहिलंस तेच परत लिही, नुसती तारीख बदल. त्या वेळी नको असताना लिहिलंस, आता हवं आहे.

सुगंधा


दिंडोशी
२५ फेब्रुवारी १९८७

कुंदा,

तुझं पाकीट आलं.

माझ्या नावाने नाही, अनूच्या नावाने. पोस्टमनने हसत दिलं, म्हणाला, आलं एकदाचं, आता मला सोडा. मी चुलीवर भात तसाच ठेवून तिला हाक मारली. ती दारातच उभी राहिली, उजव्या हाताने फाडलं पाकीट दातात धरून. खाली जयंती आणि सात-आठ जणी होत्या. मीच म्हटलं, वर या गं, ताईच्या आईचं पत्र आलंय, ऐका. माझ्या ह्या तोंडाने म्हटलं.

अनूने मोठ्याने वाचलं. तुझंच लिहिलेलं तुला परत लिहून दाखवते, म्हणजे कळेल कसं लागतं ऐकायला.

'चि. अनुपमास आईचे अनेक आशीर्वाद. तुझा नवा फोटो शाळेतल्या मास्तरांनी चौकट करून वर्गात लावला आहे. मुंबईहून मुली मला पत्रं लिहितात. परवा देवळात पाटलांच्या सुनेने उठून मला बसायला जागा दिली. तुझे बाबा गेल्यावर मला कोणी जागा दिली नव्हती. मी चुकले. तू पहिली ये. गाव बघतोय. अक्काने काही लिहिलं आहे, पण तिचा स्वभाव भित्रा, तू मनावर घेऊ नको. देवीचा अंगारा पाठवते, डाव्या हाताला लाव.'

डाव्या हाताला लाव. म्हणजे तू माझी पत्रं वाचलीस. सगळी वाचलीस.

मुली रडल्या. जयंतीने अनूला मिठी मारली. आई पण आली आपल्यात, असं म्हणाली. तुझ्याविषयी म्हणाली, कुंदा. तू पण आता त्यांच्यातली.

अनू हसत होती. मी तिला लहानपणापासून बघितलंय, हसण्यातला फरक मला कळतो. मुली गेल्यावर तिने कागद घडी करून मला दिला, तिच्याजवळ ठेवला नाही. म्हणाली, "आता कोणाचं नाव सांगू, मावशी?" आणि अंगारा लावायला हात पुढे केला. मी लावला. काय करणार होते?

मी तुला भांडायला लिहायला बसले होते. पण ते जागेचं वाचलं नि मला भांडता येईना. मला माहीत आहे तू देवळात मागे खांबाजवळ उभी राहायचीस. पंधरा वर्षं उभी राहिलीस. कुणी बस म्हटलं तर बसणारच ना माणूस. मी पण बसले असते.

पण तुला एकटीलाच तिला सोडवता येत होतं. दुसऱ्या कुणाला नाही, देवाला सुद्धा सगळ्यांचं व्हय लागतं. तुझं एकटीचं नको पुरलं असतं.

अजून चार दिवस आहेत. तार येते एका दिवसात.

सुगंधा


गोरेगाव, हॉस्पिटल
६ मार्च १९८७

कुंदा,

पेपरात वाचलं असशील, पहिली आली. शाळेत पेढे वाटले असतील. खरं काय झालं ते मी लिहिते, मी तिथे होते.

वसाहतीतून तीन बस भरून गेल्या. सगळ्यांच्या हातांना फडकी. नीलाबाई लूनावर आली घाटकोपरहून कल्याणपर्यंत, धुळीने पांढरी झालेली. ह्यांनी अनूची मुकी बोटं चिकटपट्टीने चांगल्या बोटाला बांधली, वरून हातमोजा घातला. ती माझ्याकडे आली, वाकली. मी म्हटलं, अजून माघार घे. ती म्हणाली, बघ तरी मागे. मी बघितलं. उन्हात एवढी माणसं चिडीचूप उभी, सगळ्यांचे डोळे तिच्यावर.

मला जी भीती होती तसं काही झालं नाही. झेंडा पडला, क्लच बरोबर सुटला, गाडी उठली नाही. गेली ती. शेवटपर्यंत दोघं जोडीने होते आणि शेवटी हिचं अर्धं चाक पुढे. मी ओरडले नाही ह्या वेळी, तोंडात पदर कोंबला होता. पुढे जाऊन हळू करताना बोटांनी क्लच दाबला जाईना, तिला गिअर पाडता येईना, गाडी पट्टीवरून उतरून मातीत गेली, पण तिने सांभाळली, थांबवली, पाय टेकला. उभी होती, कुंदा. धड होती. मी देवाला हात जोडले, म्हटलं संपलं.

आणि मग ते धावले.

दोरी तोडून सगळे. जयंती पुढे. मी पण धावले, पण माझे गुडघे. त्यांनी तिला गाडीवरून उचलली, खांद्यावर घेतली. प्रत्येकाला हात लावायचा होता. कोणत्या हाताला लावायचा असणार? ज्याची फडकी बांधून आले होते त्याला. एकीने धरला, दुसरीने ओढला, पोरं खालून लोंबकळली. ती ओरडत होती. मला ऐकू येत होतं ती काय ओरडतेय, हात, हात म्हणून. त्यांना वाटलं हात द्या म्हणतेय. त्यांनी आणखी हात दिले.

मी लोकांच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. एका पोराने मागे वळून बघितलं, मला ओळखलं, आणि ओरडला, अरे ताईची मावशी. मला पण उचलली. खांद्यावर बसून मी तिच्याकडे बघत होते, ती तिकडे, मी इकडे, मधे सगळी डोकी.

नस तुटली. डॉक्टर म्हणाले, शर्यतीने नाही तुटली, पिळवटून तुटली. मनगटाच्या खाली हात आहे, पण तो तिचा नाही आता. टायपिंग पण होणार नाही.

जयंतीला सांगितलं नाही मी. अनू नको म्हणाली. तिला कळलं तर ती विहीर जवळ करेल, मावशी, असं म्हणाली. सगळ्यांना सांगितलंय की थकवा आहे.

खाली रोज येतात. वॉचमन आत सोडत नाही म्हणून फाटकाबाहेर उभ्या राहतात, कामावरून सुटल्यावर, डबे हातात. आरडाओरडा नाही, नुसत्या वर बघतात. काल अनू म्हणाली, केस विंचर नि मला खिडकीपाशी ने. नेली. तिने उजवा हात वर केला. खालून आवाज आला तो इथपर्यंत ऐकू आला. आणि मग कुणीतरी ओरडलं, दोन्ही, ताई, दोन्ही. मग सगळ्याच ओरडायला लागल्या.

अनूने मान वळवली नाही. हळूच म्हणाली, मावशी.

मी पडद्याच्या मागे सरकले, तिचा डावा हात कोपराखाली धरला आणि वर केला. मनगट लोंबायला लागलं म्हणून ते पण धरलं, पडद्यातून. खाली टाळ्या पडत होत्या. माझे खांदे भरून आले तरी त्या थांबेनात, म्हणून मी पण सोडला नाही.

तुझ्या मुलीचा हात फार जड झालाय, कुंदा. तू ये. संध्याकाळी सहाला त्या येतात, त्याच्या आत ये.

सुगंधा